कड कोणी पुसायची

आमच्या घरात कुठलाही डबा भरला असं म्हणायची सोय नाही. मी साखरेचा डबा गळ्यापर्यंत भरते, झाकण लावते, हात झटकते. तेवढ्यात सून येते, डबा ओट्यावर दोनदा आपटते, बाजूने टकटक करते आणि झाकण काढून मला दाखवते. साखर दोन बोटं खाली! "आई, एवढी हवा होती आत," म्हणते. जशी काही ती हवा मीच माहेराहून आणून भरली होती.

दुकानात बिस्किटाचा पुडा घेतला तरी कानाशी धरून हलवते. "यात निम्मी हवा आहे हो," असं दुकानदाराला तोंडावर सांगते. तो बिचारा हल्ली तिला लांबून येताना बघितलं की पुढचे पुडे आत सरकवतो.

तर अशी ही माझी सून. काँक्रीटमध्ये हवा किती आहे ते मोजते. थट्टा नाही करत, खरंच तिची नोकरीच ती आहे. लग्न ठरलं तेव्हा मुलगा मला म्हणाला होता, "आई, ती प्रयोगशाळेत आहे." माझ्या डोळ्यांसमोर आपलं पांढरा कोट, काचेच्या नळ्या, निळं-जांभळं पाणी! शेजारच्या काकूंना मी तसं सांगूनही आले, चांगलं तिखटमीठ लावून. मग लग्नानंतर पहिल्यांदा ती कामावरून घरी आली, तेव्हा पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केसांत सिमेंट, हनुवटीवर सिमेंट. काकू खिडकीत उभ्याच होत्या. "हीच का गं ती काचेच्या नळ्यांची?" म्हणाल्या. त्या दिवशी माझं तोंड जे बंद झालं, ते संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. आमच्या घरात हा विक्रम आहे.

तिच्या कामातलं मला कळलं तेवढं सांगते. काँक्रीट कालवून झालं की ते जागेवर ओतायच्या आधी त्यातलं थोडं हिच्याकडे येतं. हिच्याकडे एक जाड धातूचं भांडं असतं. त्यात नेमकं किती मावतं ते पक्कं ठाऊक असतं. आधी रिकामं भांडं तोलायचं. मग त्यात काँक्रीट तीन थरांत भरायचं, दर थराला गोल टोकाच्या सळईने पंचवीस वेळा खुपसायचं आणि बाहेरून रबरी हातोडीने ठोकायचं, म्हणजे चुकून अडकलेले मोठे बुडबुडे निघून जातात. वरून सपाट पाटी फिरवून काठाबरोबर करायचं आणि पुन्हा तोलायचं. वजनावरून कळतं, माल किती भरीव आहे. मग त्याच भांड्यावर झाकण ठेवून चहूबाजूंनी खिट्ट्या आवळायच्या, तोटीतून पाणी भरायचं, पंपाने वरच्या कप्प्यात हवा कोंडायची, खटका दाबून ती खाली सोडायची आणि तबकडीवरची सुई बघायची. सुई सांगते, काँक्रीटच्या पोटात हवा किती.

"पण हवा हवीच कशाला?" मी विचारलं होतं. तर म्हणे बारीक बुडबुडे मुद्दाम ठेवतात. थंडीत आतलं पाणी गोठून फुगलं की त्याला पाय पसरायला जागा लागते. बुडबुडे कमी पडले तर काँक्रीट तडकतं आणि जास्त झाले तर त्यात दम राहत नाही. मी म्हटलं, मग माणसासारखंच झालं की! थोडी हवा पाहिजे, डोक्यात गेली की संपलं. यावर ती इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला. मी लगेच पुसला.

पुसण्यावरून माझंही सांगून टाकते. मी उभा जन्म एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काढला. आधी भांडी घासली, मग भाज्या चिरल्या, शेवटी शेवटी तर सगळं स्वयंपाकघर माझ्या शब्दावर चालायचं. माझा कायदा एकच होता. ताटाची कड स्वच्छ असल्याशिवाय ताट खिडकीबाहेर जाणार नाही. मीठ कमी पडलं तर माणूस मागून घेतो, पण कडेला ओघळ दिसला की त्याचं जेवणावरचं मनच उडतं. त्यासाठी माझ्या खांद्यावर कायम एक ओलं फडकं असायचं. नोकरी सुटली, फडकं सुटलं नाही. मुलाच्या लग्नाच्या फोटोत बघा, सगळे नटूनथटून उभे आहेत आणि माझ्या नव्या कपड्यांवर खांद्याला फडकं आहे. फोटोवाल्याने सांगायला नको का? दात काढत बसला मेला.

मुलगा जहाजावर इंजिनं दुरुस्त करतो. महिनोन्‌महिने पाण्यावर. घरात आम्ही दोघीच. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे असं म्हणतात. आमच्याकडे तेवढा धीर कोणालाच नाही, म्हणून स्वयंपाकघर सकाळी माझं आणि संध्याकाळी तिचं, असा तह करून टाकलाय. मला लेक नाही, त्यामुळे लेकी बोले सुने लागे हा प्रकार मला मांजरीवर भागवावा लागतो. "काय गं मने, काही लोकांना वापरलेला चमचा जागेवर ठेवता येत नाही, नाही का?" असं मी मांजरीला म्हणते. सून आतून ओरडते, "मने, सांग त्यांना, चमचा जागेवरच आहे, चष्मा डोक्यावर आहे."

एरवी बोलणं कमीच तिचं. हात बघवत नाहीत, सिमेंटने बोटांना भेगा पडलेल्या. रात्री मी मलम लावून तिच्या दोन्ही हातांना मोजे चढवते, तशीच झोपते. आणि एक खोड आहे. घाबरली की तिला हसू येतं. दुसऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं, हिच्या तोंडातून खी खी. माझ्या भावाच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलात हसत बसली होती. वहिनी अजून तिच्याशी नीट बोलत नाही.

याच हसण्याने गेल्या वर्षी घात केला. तिच्या कामाला परवाना लागतो. बाहेरचा परीक्षक येतो, त्याच्यासमोर सगळी चाचणी पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवायची. परवाना नसेल तर चाचणी हिने करायची आणि सही दुसऱ्याने ठोकायची. गेल्या वर्षी ही परीक्षेला उभी राहिली, परीक्षकाने नुसता चष्मा वर केला आणि हिला हसू फुटलं. ते दाबता दाबता एका थराला हातोडी मारायचीच राहिली. दुसरी संधी दिली, तर पाणी भरायची तोटी उघडायला विसरली. नापास.

आता यंदाची खेप शेवटची. तिथल्या प्रमुख बाईंनी बोलावून सरळ सांगितलं की या वेळीही परवाना नाही मिळाला तर भांड्याजवळ परवानावाला माणूस आणू आणि तुम्ही कोठारात बसा, नमुन्यांना चिठ्ठ्या चिकटवायला. पगार तोच. बाई काही वाईट नव्हत्या.

"मग काय बिघडलं?" मी म्हटलं. "बसून काम. हात तरी बरे होतील."

सून म्हणाली, "आई, खटका दाबला की सुई घसरते, थरथरते आणि मग एका जागी थांबते. ती थांबली की मला फार बरं वाटतं हो. सगळ्या गावाला माहीत नसतं ते तेवढ्यापुरतं मला एकटीला माहीत असतं." आणि हसायला लागली. मी ओळखलं, पोरगी घाबरलीय. मी मांजरीला सांगितलं, "मने, आपल्याला परवाना आणायचाय."

मग सुरू झाली घरची तालीम. खरं यंत्र घरी आणायची परवानगी नव्हती. सुनेची नजर फिरत फिरत माझ्या जुन्या कुकरवर गेली.

"आई, याचं झाकण घट्ट बसतं ना?"

"बसतं. पण कुकर माझा आहे."

"बूड जळलंय त्याचं."

"जळू दे बूड. कुकर माझाच आहे."

शेवटी दिला, न देऊन सांगते कोणाला! काँक्रीट मात्र मी घरात येऊ दिलं नाही. मोरी तुंबली असती तर? म्हणून माझ्या कुंड्यांतली माती, रस्त्याच्या कामावरची उरलेली खडी आणि पाणी असा माल ठरला. माझे दोन गुलाब त्या परवान्यापायी बादलीत राहायला गेले.

रोज संध्याकाळी मागच्या दारी प्रयोग. ती टेबलाशी उभी, मी तिच्या डाव्या हाताला स्टुलावर. ती चिखल भरायची, खुपसायची, ठोकायची. मी मधेच मुद्दाम चष्मा वर करून बघायची, हसते का ते. पहिले काही दिवस हसली. मग माझ्या चष्म्याची तिला इतकी सवय झाली की मी डोळे वटारले, जीभ काढली, तरी ढिम्म. पंप नव्हता म्हणून तोंडाने फस फस करायची आणि शिट्टीच्या नळीवर अंगठा दाबून गंभीरपणे म्हणायची, "आता सुई वाचते." काकूंनी हे कुंपणावरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने आल्या आणि हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

काठाबरोबर करायला भाजी चिरायची फळी होती. ती फिरवली की कुकरच्या कडेला चिखल लागायचा. आणि त्या चिखलावर माझ्या कुकरचं झाकण? मी काय बघत बसणार होते? तिने फळी उचलली की माझं फडकं कडेवरून फिरलंच. कुकर वापरणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. कडेला एक दाणा राहिला तर शिट्टी होत नाही, नुसती बाजूने वाफ फुसफुसते. पुढे पुढे तर आमचं असं बसलं की फळी खाली ठेवून ती दोन्ही हात बाजूला धरायची, भांडं माझ्याकडे जरासं सरकवायची आणि थांबायची. मी फडक्याची एक फेरी मारायची, की ती झाकण उचलायची. त्यावर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. मला तर वाटायचं, बघा म्हणावं, सासू-सुनेचं असं जमलेलं कोणी कुठे पाहिलंय का!

परीक्षेच्या दिवशी सकाळी तिने बूट चढवले आणि दारात थांबली. "आई, तुम्ही चला ना. नुसत्या बसा. तुम्ही असलात की मला हसू येत नाही."

कोणाला माझ्याकडे बघून हसू येत नाही, ही काही कौतुकाची गोष्ट नाही. पण मी फडकं खांद्यावर टाकलं आणि निघाले.

प्रयोगशाळा मी पहिल्यांदाच पाहत होते. मोठी खोली, ओली फरशी, एका भिंतीला पाण्याच्या टाक्या आणि त्यांत काँक्रीटचे ठोकळे बुडवून ठेवलेले. कोपऱ्यात कालवायचं पिंप, एका हातगाड्यात ताजं करडं काँक्रीट, टेबलावर ते भांडं, सळई, हातोडी, पाटी, खाली बादलीत एक स्पंज. सगळं कसं जागच्या जागी! मला माझं स्वयंपाकघर आठवलं. सुनेने स्वतः एक बाक ओढला आणि टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवला. मी बसले.

परीक्षक म्हणजे एक उंच, शिडशिडीत गृहस्थ. ओठ असे मिटलेले की तिथेही कोणीतरी खिट्ट्या आवळल्या असाव्यात. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या कोण?"

"माझ्या सासूबाई."

"बसू देत. पण बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. तसं काही दिसलं तर परीक्षा तिथेच रद्द." मग सुनेकडे वळून म्हणाले, "दोन संधी मिळतील. चुकलात तर चुकलं एवढंच सांगेन. काय चुकलं ते सांगणार नाही. ज्याला आपली चूक कळत नाही त्याची सही मला नको."

"अहो, मी कशाला बोलतेय!" मी म्हटलं. परीक्षकांनी चष्मा वर केला. मी मूग गिळले.

सुरुवात झाली. काय हात चालत होता तिचा! भांडं तोललं, आकडा सांगितला, पहिला थर, सळई, हातोडी. दुसरा थर, सळई, हातोडी. परीक्षक अगदी नाकाजवळ येऊन बघत होते, तरी हसणं नाही की काही नाही. तिसरा थर. मी मनात म्हणत होते, शाब्बास गं, घोडामैदान आता जवळच आहे. तिने पाटी फिरवली. वरचा भाग असा गुळगुळीत केला की त्यात तोंड बघावं. पाटी खाली ठेवली.

आणि तिने दोन्ही हात बाजूला धरले. भांडं डावीकडे, माझ्याकडे, जरासं सरकवलं. आणि थांबली.

अगं बाई! माझा हात खांद्यावरच्या फडक्याकडे गेलासुद्धा. कडेवर सगळीकडे करडा लगदा, एका जागी वाळूचे खडे चमकत होते. मी बाकावरून अर्धी उठले. परीक्षकांनी मान वळवली. मी खाली बसले. सून क्षणभर तशीच उभी होती, आपण कशाची वाट बघतोय ते तिचं तिलाही कळत नव्हतं. मग तिने तसंच भांडं तोललं आणि झाकण उचलून त्या लगद्यावर ठेवलं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तिने खिट्ट्या आवळल्या, तोटीतून पाणी भरलं, पंप मारला आणि खटका दाबला. फुस्स! झाकणाच्या कडेने पाणी उडालं, थेट परीक्षकांच्या सदऱ्यावर. सुई घसरली ती घसरतच गेली, कुठे थांबेच ना.

"चूक," परीक्षक म्हणाले आणि रुमालाने सदरा पुसायला लागले. तुम्हाला पुसायचं कळतं हो, मी मनात म्हटलं.

सून पांढरी पडली. तिने झाकणाचं रबर बोट फिरवून बघितलं. ठीक होतं. पंपाकडे बघितलं, खिट्ट्या हलवून पाहिल्या. काय चुकलं ते तिला दिसत नव्हतं, आणि कसं दिसणार? कामावर एकटी असताना पुसत असेल, पण घरी माझ्याशेजारी तिने कड पुसलीच नव्हती कधी. तिच्या लेखी तो नियम राहिलाच नव्हता. हात बाजूला धरले की कड आपोआप स्वच्छ होते, असं तिच्या हातांना वाटत होतं. तिच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. आता हसणार. आणि हसली की संपलं, कोठार आणि चिठ्ठ्या.

आणि मला सगळं माहीत होतं! एक शब्द पुरला असता. एक शब्दसुद्धा नको, फडक्याने बाकाची कड पुसली असती तरी तिला कळलं असतं. पण ते बाबा माझ्याकडेच बघत होते. मी हातात फडकं घट्ट धरून बसले. सुनेने भांडं रिकामं केलं, धुतलं, पुन्हा तोललं, गाड्यातलं काँक्रीट फावड्याने परत कालवलं. पहिला थर भरता भरता तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी आहे ना ते बघायला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी इथे बसलेली आहे तोवर ती पुन्हा हात बाजूला धरणार. पुन्हा भांडं माझ्याकडे सरकवणार. मी फडकं घेऊन शेजारी बसलेली असताना ती कशाला पुसेल?

मी उठले. बाकाचा पाय फरशीवर करकरला.

"आई?" सून म्हणाली. हातातली सळई तशीच.

मला उत्तर द्यायचं नव्हतं. बोलले असते तर सगळंच संपलं असतं. मी तिच्याकडे न बघता दाराकडे चालू लागले. तिला वाटलं असणार, सासू चिडली, नापास सुनेला टाकून निघाली. तिचे डोळे माझ्या पाठीत रुतत होते ते मला जाणवलं. इतकं वाईट मला कधी वाटलं नाही. वसतिगृहात नोकरीच्या शेवटच्या दिवशी किल्ल्या दिल्या तेव्हाही नाही.

बाहेर अंगणात फोडलेल्या ठोकळ्यांचा ढीग होता. मी त्यातल्याच एका धडशा ठोकळ्यावर जाऊन बसले. वरची झरोक्याची खिडकी उघडी होती. दिसत काही नव्हतं, ऐकू येत होतं. सळईचा खच खच आवाज. हातोडीची ठक ठक. मग पुन्हा खच खच. तिच्या हाताचा वेग जरा कमी झाला होता, पण चालू होता. तिसऱ्या थराची हातोडी वाजली. मग पाटी फिरल्याचा खरखर आवाज. मग पाटी टेबलावर ठेवली.

आणि मग काहीच नाही.

आता तिने हात बाजूला धरले असतील. आता भांडं सरकवलं असेल. आता डावीकडे बघितलं असेल. मी फडक्याची गुंडाळी करून तोंडात धरली, नाहीतर मी तिथून ओरडले असते, खरं सांगते. अगं पूस! अगं माझे आई, पूस ना ती कड!

बादलीतलं पाणी डुचमळलं. स्पंज पिळल्याचा आवाज आला. एकदा. आणि मग पुन्हा एकदा.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. वजनकाट्यावर भांडं टेकल्याचा आवाज झाला. झाकण बसलं. खिट्ट्या एकेक करून खट खट लागल्या. पाणी, पंप. मग खटका दाबल्याचा एकच दबका आवाज, आणि त्यानंतर फुस्स नाही, काही नाही. आत कोणीतरी तबकडीवर बोटाने टकटक केलं. सुई थांबली असणार.

दार उघडलं ते परीक्षकांनी. सदरा अजून ओला होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं त्यांचं. पास आहेत. आता तुम्ही बोललात तरी चालेल."

आणि मला मेलं एक अक्षर सुचेना! जन्मभर अखंड बोलले आणि नेमकं परवानगी मिळाली तेव्हा घसा बसला. त्यांनी मान हलवली आणि ते आत गेले.

त्यांच्या मागून सून आली. हसत नव्हती. हातात तो स्पंज तसाच होता, करडं पाणी बुटांवर ठिबकत होतं.

"तुम्ही उठून का गेलात?"

"उकडत होतं."

"आई, मला वाटलं तुम्ही रागावून गेलात."

"रागावलेच होते. बाक किती कडक आहे तो."

ती म्हणाली, "पाटी ठेवली आणि मी हात बाजूला धरून थांबले. का थांबले ते मलाच कळेना. म्हणून डावीकडे बघितलं. तर बाक रिकामा." तिने स्पंज माझ्यापुढे धरला. "रिकामा बाक बघितला आणि मग कड दिसली. रोज तुम्हीच पुसत होतात ना? रोज."

"कुकर माझा आहे," मी म्हटलं. "मी पुसणारच."

तेव्हा कुठे ती हसली. चांगली मोठ्याने हसली, आणि हसता हसता हमसून हमसून रडायला लागली. हिचं सगळंच उलटं. तिच्या हनुवटीवर सिमेंटचा हा एवढा ठिपका होता, पहिल्या दिवशी होता तसाच. रडण्याने त्याचा ओघळ होऊन गळ्याकडे निघाला होता.

माझा हात फडक्याकडे गेला आणि थांबला. म्हटलं, आत्ता तर ही स्वतःची स्वतः पुसायला शिकली आहे, पुन्हा आपण कशाला मधे पडायचं? असा मी विचार करत होते, तोवर तिने स्पंज खाली टाकला. भेगाळलेले दोन्ही हात बाजूला धरले, हनुवटी माझ्याकडे जराशी पुढे केली आणि थांबली.

मी फडक्याचा कोरडा कोपरा शोधला आणि पुसलं.